कागदही न शिरणारं दार

मिस्त्रींनी जन्मभर लोकांची कपाटं केली. शेवटी स्वतःसाठी घर केलं, तेही चाकांवर.

एका जुन्या ट्रेलरचा नुसता सांगाडा त्यांनी विकत घेतला. आत पलंग, ओटा, कपाटं, ड्रॉवर, सगळं आपल्या हाताने बसवलं. बाहेरचं दारसुद्धा अस्सल लाकडाचं केलं. बिजागऱ्या अशा लपवल्या की शोधून सापडू नयेत. हे घर गाडीमागे जोडायचं आणि समुद्रावर जाऊन राहायचं, असा बेत होता. त्यांची उमेदीची वर्षं तळघरातल्या कारखान्यात गेली होती. तिथे खिडकी नव्हती. म्हातारपणी डोळ्यांसमोर भिंत नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

बायकोला मात्र लेकीकडे जायचं होतं. लेकीने खोली रिकामी करून ठेवली होती. पडदेही लावले होते. बरीच धुसफूस झाली आणि मग ठरलं. उन्हाळाभर समुद्रावर राहून बघायचं. ती रमली नाही तर ट्रेलर विकायचा आणि मुकाट्याने पडद्यांच्या खोलीत जायचं.

मिस्त्री लगेच हो म्हणाले. समुद्र न आवडणारा माणूस असतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पहिल्यांदा निघाले ते वेशीपर्यंतच पोचले. मागे ट्रेलरमध्ये दारं, ड्रॉवर, कपबशा यांचा असा गोंधळ सुरू झाला, की सिग्नलला लोक वळून बघायला लागले.

"घर ओढताय की भंगाराची गाडी?" बायकोने विचारलं.

मिस्त्रींनी गाडी वळवली. हे वाक्य त्यांना झोंबलं. पुढचे कित्येक दिवस ते ट्रेलरमधून बाहेर आलेच नाहीत. प्रत्येक फळीच्या कडेला लाकडाची पट्टी चिकटवली. प्रत्येक फट बुजवली. मग फटीत कागद सरकवून बघायचा. कागद शिरला की पुन्हा पट्टी. लाकूड दमट हवेत फुगतं, हे काय त्यांना माहीत नव्हतं? गिऱ्हाइकांना ते स्वतःच बजावत, "थोडी जागा सोडा, लाकडाला श्वास घेऊ द्या." पण स्वतःच्या घराच्या वेळी त्यांच्या कानात भंगाराची गाडी वाजत होती.

दुसऱ्या खेपेला ट्रेलरमधून हूं की चूं झालं नाही. बायकोला गाडीत झोप लागली. मिस्त्रींनी आरशात बघून स्वतःलाच मान डोलावली.

समुद्राजवळ झाडांच्या आडोशाला एक मैदान होतं. पाण्याचा नळ होता, रखवालदार होता, वाळूचा उंचवटा ओलांडला की थेट लाटा. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग ओला वारा सुटला आणि थांबेचना.

आधी चमच्यांचा ड्रॉवर अडला. मग कपांचं कपाट. मग तिच्या कपड्यांचं.

"अहो, जरा इकडे या."

मिस्त्री यायचे, पाय रोवायचे, दातओठ खाऊन ओढायचे. ड्रॉवर एकदम सुटायचा आणि चमचे जमिनीवर. तासाभराने पुन्हा हाक. घासायला घ्यावं तर त्यांचा हात धजत नव्हता. इतका नेमका बसवलेला सांधा आपणच कसा खरवडायचा? "वारा पडला की होईल ठीक," ते म्हणायचे. वारा काही पडत नव्हता. बायकोचा पारा चढत होता. ती चहा ढवळायला पेन्सिल वापरायला लागली.

लेकीचा फोन आला की ती ट्रेलरमागे जाऊन बोलायची. मिस्त्रींना एवढंच ऐकू यायचं : "नाही गं, कंटाळले." त्यांना वाटायचं, हिला समुद्र नकोसा झाला. ते चिडायचे. समोर एवढं उघडं आभाळ, आणि हिला पडदे हवेत!

एके सकाळी ते फेरफटका मारून आले तर आतून धडधड आवाज येत होता. दार उघडत नव्हतं. त्यांनी बाहेरून ओढलं. मूठ हातात आली.

छोट्या खिडकीत बायकोचा चेहरा दिसला.

"छान," ती म्हणाली. "आता मलाही बसवलंत ना कपाटात?"

"थांब, खिडकीतून हत्यारं दे."

"कुठायत?"

"पलंगाखालच्या ड्रॉवरमध्ये."

खिडकीतला चेहरा पलंगाकडे वळला आणि परत आला.

"तो उघडतो?" तिने विचारलं.

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. बाहेरून बिजागऱ्या काढाव्यात, तर त्या लपवलेल्या. लपवल्या कोणी? आवाज ऐकून रखवालदार पहार घेऊन आला.

"मिस्त्री, घालू का?"

"माझ्या दाराला हात लावायचा नाही!"

"मग मी काय इथेच राहू?" बायको आतून कडाडली. "चमचा हवा, तुम्हाला हाक. साडी हवी, तुम्हाला हाक. आज तर बाहेर पडायलाही हाक! लेकीकडे निदान माझा चमचा मी घेईन."

"मला वाटलं, तुला समुद्र नको झालाय."

"समुद्राने माझं काय वाकडं केलंय? तो बिचारा तिकडे असतो. मी कंटाळले ती तुमच्या ड्रॉवरांना!"

 ती कशाला कंटाळली, हे एवढ्या दिवसांत मिस्त्रींनी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

त्यांनी रखवालदाराच्या हातातून पहार घेतली. कागदही शिरत नव्हता, तिथे पहार कुठून शिरणार? शेवटी फळीवरच घाव घालावा लागला. पहिला घाव बिचकत पडला. नंतरचे रागाने पडले. कोणावरचा राग, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दार उभं चिरलं आणि बायको चौकटीतून बाहेर आली. तिने केसांतला भुसा झटकला, फुटक्या फळ्यांकडे बघितलं.

"आत पहिल्यांदा वारा आला," ती म्हणाली.

पलंगाखालचा ड्रॉवरही पहारीनेच निघाला. मिस्त्रींनी रंधा बाहेर काढला आणि झाडाखाली बसून चमच्यांच्या ड्रॉवरची कड घासायला घेतली. तोंड वाकडं करूनच. सालपटं वाऱ्यावर उडत होती. बायको डोक्यावर उभी होती.

"एका बोटाने उघडला पाहिजे."

"एवढी फट ठेवली तर निघताना सगळं खडखडेल. मग म्हणशील, भंगाराची गाडी."

"निघायचंय कोणाला?" ती वैतागून म्हणाली. "अजून घासा. आणि कपड्यांचं कपाटही आजच हवंय मला, उद्या नाही."