बाबांची दाढी

बाबा म्हणाले, ‘मी येतो पाहाले,’ आणि मी लगेच ‘तिथं गर्दी फार असते हो’ म्हणून पाहिलं.

आम्हा सहा मैत्रिणींचं चित्रप्रदर्शन होतं. विषय ठरला होता, प्रेमानं मन हेलावलं तो क्षण. बाकीच्यांनी मोगऱ्याचे गजरे, पाठमोरी जोडपी असं काहीबाही काढलं. मी अतिशहाणी! आई रोज अर्धांगवायूनं उजवी बाजू लुळी पडलेल्या बाबांची दाढी करते, ते मी काढलं. बाबा उघडेबंब, मांडीवर टॉवेल, गालांवर फेस, डोळे घट्ट मिटलेले. वस्तरा धरलेली आई हसतमुख. दारात दूधवाला आला तरी सदरा चढवल्याशिवाय बाहेर न येणारा हा माणूस. त्यांना न विचारता मी चारचौघांत उघडं केलं होतं. विचारायला हवं होतं, हे सुचलं ते चित्र भिंतीवर लागल्यावर.

त्यात आमचा नियम असा की प्रत्येकीनं आपल्या चित्राशेजारी उभं राहायचं आणि पाहणारा बोलेपर्यंत तोंड उघडायचं नाही. नियम मीच काढलेला, कुणाला सांगते!

आईबाबा बेसाच्या घरून निघाल्याचा फोन आला. दोनदा चित्र उतरवायला हात वर गेला. तेवढ्यात काठी टेकत बाबा आलेच. आई दाराशी एका ओळखीच्या बाईजवळ अडकली होती. बाबा चित्रासमोर थांबले आणि थांबलेच. आता ते मान खाली घालून परत फिरणार आणि पुन्हा माझ्याशी बोलणार नाहीत, अशी माझी खात्री झाली.

‘काहून भेऊन राहिली?’ ते हळू, ओढून ओढून म्हणाले. ‘चांगलं काढलं. पण आई हसत नाही वं तेव्हा. तिचा हात थरथरते. मले कापीन म्हणून रोज भेते. गालाले समजते ना. मले समजलं हे तिले दिसू नये, म्हणून मी डोळे मिटून बसतो.’

मी ते डोळे लाजेनं मिटलेत असं समजून रंगवले होते. मला रडूच कोसळलं.

आई जवळ येताना दिसली तशी बाबांनी नजरेनंच मला दटावलं. मग चित्राकडे मान वळवून तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘पाय, पोरीनं तुले कशी हसरी काढली. तशीच तर असते तू.’