भाजीवरचं लाटणं

कोपऱ्यावरच्या विमलताईंच्या पोळी-भाजी केंद्राला नवा लोगो आला आणि तो पाहून मला शिसारी आली. एवढ्याशा गोलात पृथ्वी, तिच्यावर परदेशी आचाऱ्याची फुगीर टोपी, टोपीतून निघणारी वाफ आणि सगळ्याला सोनेरी सावली. पोळी मात्र कुठेच नाही. अक्षरांना शिरोरेषेऐवजी एक लांब लाटणं दिलेलं. ते सरसकट सगळ्यांवरून फिरलं आणि ‘भ’च्या डोक्यावरची फट बुजली. ‘पोळी-भाजी’चं ‘पोळी-माजी’ झालं.

“ताई, हे ‘माजी’ वाचलं जातंय,” मी म्हणालो.

“वाचतंय कोण? दिसायला भारी आहे ना?” डबा भरता भरता त्या म्हणाल्या. “तो डिझाइनवाला म्हणाला, आता असंच चालतं.”

पोळीची कड जराशी जाड राहिली तरी ती गिऱ्हाइकाला न देणारी ही बाई. स्वतःच्या केंद्राच्या नावातलं अक्षर मोडलं, ते मात्र तिला चालतं. आपण सगळेच असे. अक्षर वाचायचं असतं हेच विसरलोय. ते नुसतं नटवायचं आणि मिरवायचं.

घरी येऊन डबा उघडला. भाजी नेहमीसारखी ताजी होती. झाकणावर छापलेल्या लोगोत तेवढी ती माजी झाली होती.