फॅटबाईक आणि बारा किलोमीटर

माझ्या लेकीला फॅटबाईक, म्हणजे जाड टायरांची बॅटरीवरची सायकल, हवी होती, आणि ती हिवाळ्यात चालेल का हे मी ठरवायचं होतं. घटस्फोटानंतर तिचे बाबा आम्ही राहतो त्या परदेशी गावापासून, फेल्डहोवनपासून, बारा किलोमीटरवरच्या गावात राहायला गेले. एक आठवडा त्यांच्याकडे, एक माझ्याकडे, असं दोन वर्षं चाललं. सतरावं लागल्यावर तिने जाहीर केलं, आता कायम बाबांकडेच राहणार. शाळा मात्र इथलीच. म्हणजे रोज बारा किलोमीटर यायचं आणि बारा जायचं, तेही अंधारात, बर्फात. मी बारा महिने सायकलने कामाला जाते, म्हणून ती म्हणाली, "आई, तू चालवून बघ. तू हो म्हणालीस तरच घेऊ."

मला काय, आयतंच सापडलं! मी नाही म्हटलं की सायकल नाही, आणि सायकल नाही म्हणजे पोरगी घरातच. लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली.

दुकानदाराने दोन दिवस वापरायला एक दिली. केवढं ते धूड! शेडमधून बाहेर काढतानाच कंबर धरली. जानेवारीची सकाळ होती, गवत पांढरं पडलेलं. मोठ्या सायकलमार्गावर खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, गाडीने पहाटेच मीठ टाकलं होतं, तिथे ती मजेत पळाली. जंगलातल्या भुसभुशीत बर्फातही ते जाडजूड टायर डगमगले नाहीत. माझी जुनी सायकल तिथे दोनदा आडवी झालीय. खरं सांगते, मला आवडली. कालव्यावरच्या पुलावर मात्र काचेसारखा पातळ बर्फ धरला होता. तिथे टायर रुंद काय आणि अरुंद काय! मागचं चाक सर्रकन सरकलं, पाय टेकवून कशीबशी वाचले. थंडीने बॅटरीही घरी येईपर्यंत बरीच उतरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमटीला फोडणी देता देता मी फक्त पूल आणि बॅटरी सांगितली, तीही चांगलं तिखटमीठ लावून. "हिवाळ्यात बिलकूल कामाची नाही बघ. हातपाय मोडून घेशील."

ती इंग्रजीत म्हणाली, ठीक आहे, हिवाळाभर बसने येईन. अगं बाई, बस होतीच की! मी दोन दिवस बर्फात कुणाला अडवत होते?

गेली कित्येक वर्षं मला इंग्रजीतच उत्तरं देणारी ही मुलगी मग मराठीत बोलली. "तू सगळं सायकलचं बोलली. मला एकदापण नाही म्हणाली, जाऊ नको."

आमच्या माहेरी कुणी कुणाला 'राहा' असं तोंडाने म्हणतच नाही. ऊन फार आहे, उशीर झालाय, जेवून जा, असलं काहीतरी म्हणायचं आणि समोरच्याने ओळखायचं. हिच्या बाबांनाही मी शेवटच्या दिवशी चहा घेता का, एवढंच विचारलं होतं. इथे वाढलेल्या पोरीला हे कुठून कळणार?

म्हणायचं होतं मला. पण तिच्यासमोर रडू कोसळेल या भीतीने मी ओट्याकडे वळले आणि म्हणाले, "स्टॉपवर वारा फार असतो, कानटोपी घेऊन जा."

"बरं," ती म्हणाली, आणि बॅग भरायला वर गेली.