बिननावाचे फोटो

"कार्डावरचं नाव नको. तुझी आई हाक मारते ते सांग."

एक्स-रेच्या खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक बाईला अनसूयाक्का हे विचारायच्या. मी कॉम्प्युटरच्या कामावर रुजू झालो त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलं आणि मला वाटलं, ही काय चेष्टा. समोरच्या बाईला मात्र काही नवल वाटलं नाही. तिनं आईच्या हाकेतलं नाव सांगितलं आणि अक्कांनी ते कॉम्प्युटरवर घातलं. कार्डावर तिच्या सासूचं नाव होतं.

कुंभारीकडच्या वसाहतीत हे घरोघरी होतं. विडी कामगाराचं कार्ड सासूच्या नावावर आणि वळणारे हात सुनेचे. दवाखान्यात येतानाही तेच कार्ड. म्हणजे एका नावाखाली दोन छात्या. आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात एका सुनेला सासूच्या एक्स-रेच्या फोटोवरून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, दोन महिने तिनं त्या खाल्ल्या. तेव्हापासून अक्का कार्डाकडं बघत नसत. "कार्डाला खोकला येत न्हाय," म्हणायच्या.

अक्का स्वतः विड्या वळत दहावी झाल्या, मग एक्स-रेचा सर्टिफिकेट कोर्स केला. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, अक्कलकोटकडच्या बायकांशी कन्नड, मोमीनांच्या बायकांशी दख्खनी. फोटो काढताना श्वास रोखायला त्या चारही भाषांत सांगायच्या, पण त्यानंतरचं "आता हाललीस तर बघ" हे सगळ्यांना मराठीतच. आणि सगळ्यांना ते समजायचं.

मी मंद्रूपचा. आमच्या घरात मेंढरं. आबांनी शाळा बाहेरून बघितली, मी बीएस्सी कॉम्प्युटर केलं. घराण्यातला पहिला पदवीधर. त्याचा मला तेव्हा गर्व होता, आजही आहे, लपवत नाही. अक्कांनी तो पहिल्या दिवशीच ओळखला आणि मला नावच ठेवलं. "या पदवीधर, जेवला का?" "पदवीधर, ती खिडकी लाव की, ऊन येतंय." चिडवणं होतं, पण त्यात एक कौतुकही होतं. माझ्याबद्दल बायकांना सांगायच्या, "मेंढरामागचं पोरगं हाय, पण इंग्रजी लई फाड फाड."

आमच्या डॉक्टरांचा एक शब्द ठरलेला होता. नवा फोटो समोर आला की म्हणायचे, "जुनी काढा." जुनी म्हणजे मागच्या खेपेची फिल्म; फिल्म गेली तरी शब्द तोच. नवा आणि जुना फोटो शेजारी ठेवला की कळायचं, डाग आधीपासूनचा आहे की आता उठलाय. विडीच्या धुळीत वाढलेल्या छातीत डाग तर असणारच. तो वाढतोय का, हाच प्रश्न. अक्कांनी दरवर्षी प्रत्येक बाईला हुडकून, शिव्या घालून, कधी घरातून ओढून आणून फोटो काढले होते. असे कैक वर्षांचे फोटो एका कॉम्प्युटरवर, लिनक्सच्या मशीनवर, होते. फोटोवर नाव नसायचं, फक्त डावी बाजू दाखवणारं एक अक्षर. नाव होतं ते फाइलला.

त्या मशीनला फोटोंसाठी दोन डिस्क. एक मूळ, दुसरी तिची नक्कल. लिनक्समध्ये डिस्क नुसती जोडून भागत नाही, तिला एका फोल्डरवर आणून बसवावं लागतं. त्याला माउंट करणं म्हणतात. बसवली नाही तरी फोल्डर तिथं असतोच, रिकामा. मशीन लावून देणारा इंजिनिअर पुण्याला गेला, जाताना अक्कांना कमांडी शिकवून गेला. अक्कांनी त्या वहीत उतरवल्या होत्या, कमांड इंग्रजीत आणि अर्थ तेलुगूत. रोज सकाळी वही उघडायची, डिस्कचा लांबलचक नंबर स्क्रीनवर बोट ठेवून वाचायचा, वहीतल्या नंबराशी जुळवायचा, मग हातानं माउंट करायची, मग आत जाऊन फोटोंची यादी खालपर्यंत बघायची. दहा-बारा मिनिटं जायची. बाहेर बायका कावलेल्या असायच्या, कारण विड्या कारखान्यात द्यायची वेळ ठरलेली.

मी म्हटलं, "अक्का, हे दोन ओळींचं काम आहे. एका फाइलीत लिहून ठेवलं की मशीन सुरू होतानाच दोन्ही डिस्क आपोआप बसतात."

"नंबर लिहिशील ना? का नुसतं पहिली डिस्क, दुसरी डिस्क?"

"नंबरच लिहितो."

लिहिलेल्या ओळी त्यांनी वहीशी जुळवून बघितल्या आणि मान डोलावली. काम सुरळीत चाललं. बायका खूश, डॉक्टर खूश, मी तर काय विचारू नका.

मग एक दिवस मी मंद्रूपला गेलेलो असताना नकलेच्या डिस्कची वायर ढिली झाली. डिस्क सापडेना म्हणून मशीन काळ्या स्क्रीनवर अडून बसलं. दिवसभर एक्स-रे बंद. दुसऱ्या दिवशी डॉक्टर माझ्यावर ओरडले, "काहीही होऊ दे, मशीन सुरू झालं पाहिजे!" मी त्या ओळींच्या शेवटी एक शब्द वाढवला, नोफेल. अक्का मागं उभ्या होत्या.

"ह्यानं काय व्हतंय?"

"डिस्क सापडली नाही तरी मशीन न थांबता सुरू होतं."

"गप सुरू व्हतं?"

"हो."

"मग मला कळणार कसं?"

"दिसेल की अक्का."

"बोंबलणारं मशीन परवडलं रे. गप बसणारं न्हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा वही घेऊन बसल्या. मला राग आला. बाहेर बायका बघतायत, डॉक्टर बघतायत, आणि माझ्या कामावर दहावी शिकलेल्या बाईची तपासणी. त्या म्हणाल्या, "तुझा बाप मेंढरं वाड्यात घालताना मोजतो, का कुत्रं हाय म्हणून तसाच झोपतो?"

"मेंढरं वेगळी, डिस्क वेगळी. तुमचा माझ्यावर विश्वास नसेल तर तसं सांगा."

अक्कांनी वही मिटून कपाटात ठेवली. माझा मान राहावा म्हणून ठेवली, हे मला त्याच क्षणी समजलं होतं, आणि बरं वाटलं होतं.

उन्हाळ्यात नागम्मा आली. वसाहतीत तिच्याइतका झपाट्यानं चालणारा हात दुसरा नव्हता. महिनाभर खोकला जात नाही, म्हणाली. "अक्का, लवकर काढ गं, पानं भिजत घालून आलेय." फोटोत उजवीकडं खाली एक डाग होता. डॉक्टर दहा दिवसांच्या रजेवरून त्याच दिवशी आले होते, तोवर फोटो नुसते काढून ठेवले होते. डॉक्टर म्हणाले, "जुनी काढा."

मी नाव टाकलं. काही आलं नाही. परत टाकलं. अक्कांनी मला बाजूला सारून यादी वर सरकवली. यादी नऊ दिवसांपूर्वीच्या सकाळी सुरू होत होती. त्याआधी काहीच नाही.

"पदवीधर," त्या हळू म्हणाल्या, "डिस्क बसलीय का बघ."

बसलेली नव्हती. मूळ डिस्क नऊ दिवसांपूर्वी मेली होती, आणि माझ्या त्या एका शब्दामुळं मशीन तक्रार न करता सुरू झालं होतं. नवे फोटो रिकाम्या फोल्डरात पडत होते. संध्याकाळी दवाखाना बंद होताना मशीन नक्कल करायचं. मूळ जागी आहे ते नकलेवर आणायचं आणि मूळ जागी नाही ते नकलेवरून काढून टाकायचं. पहिल्याच संध्याकाळी त्याला मूळ जागी एका दिवसाचे फोटो दिसले. बाकी सगळे त्यानं नकलेवरून पुसून टाकले.

नागम्माला पूर्वी टीबी होऊन गेला होता. थुंकीत काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "जुनाच व्रण असणार. तीन महिन्यांनी परत काढू."

"न्हाय डॉक्टर," अक्का म्हणाल्या. "तिचा जुना डाग वर हाय. खाली गेल्या साली काय नव्हतं. मला आठवतंय."

"अक्का, आठवणीवर निदान करत नसतात. फोटो दाखवा, आत्ता मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी देतो."

डॉक्टर वाईट नव्हते. रोज असे डाग बघायचे, सगळ्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवणं त्यांच्या हातात नव्हतं. अक्कांनी बाहेर जाऊन नागम्माला सांगितलं, तू आपल्या आपण जा. नागम्मा भडकली. "डॉक्टर तीन महिने म्हणतोय आणि तू मला भ्या दाखवलालीस व्हय? दिवसभर तितं बसू, तर हितं पानं कोण कापंल?"

मूळ डिस्क पुण्याला पाठवली, ती कामातून गेली होती. नकलेवरून पुसलेले फोटो परत मिळवायचा एक प्रोग्राम मी चालवला. बरेच परत आले. पण नाव एकालाही नाही. हजारो छात्या, नुसत्या आकड्यांच्या फाइली.

त्यापुढचे दिवस मी विसरणार नाही. काम संपलं की अक्का स्क्रीनसमोर बसायच्या आणि एकेक फोटो बघायच्या. "ही मल्लव्वा. लहानपणी गळ्याचं हाड मोडलं, वाकडं जुळलंय बघ. ल्ही." "ही रजियाबी. हिला वर एक बरगडी जादा हाय." "ही वारली." मी नावं लिहायचो. त्यांना बायकांचे चेहरे माहीत होते तशा छात्याही माहीत होत्या. पण त्या शोधत होत्या नागम्माला. उजवीकडं वर व्रण, खाली स्वच्छ.

तसे फोटो सापडले, तीन. तिन्ही सारखेच.

मी म्हटलं, "अक्का, यातल्या एकाला नागम्माचं नाव लावा. डॉक्टरांना दाखवू. ते लगेच पाठवतील तिला."

त्या बराच वेळ तिन्ही फोटो आलटून पालटून बघत होत्या. "ह्यातली कुटली ती, मला सांगता येत न्हाय."

"कोणती का असेना! काम होतंय की."

"न्हाय. अंदाजानं नाव लावणार न्हाय मी. एकीचा फोटो दुसरीच्या नावावर गेला तर काय व्हतं, बघितलंय मी." त्या उठल्या. "नागम्माच्या पाया पडून सांगते, जा म्हणून."

पडल्या. तरी ती गेली नाही. तीन महिन्यांनी फोटो काढला तेव्हा डाग लिंबाएवढा झाला होता. मोठ्या दवाखान्यात सांगितलं, कॅन्सर आहे, उशीर झाला. दिवाळीच्या आत नागम्मा गेली.

फोटो गेल्याबद्दल ट्रस्टची बैठक बसली. मशीनमध्ये बदल कुणी केला, असं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या, "मशीन माझ्या ताब्यात व्हतं. रोज बघायचं काम माझं." तोंड उघडायच्या आत असं मी लिहिलं, पण खरं सांगायचं तर मी तोंड उघडणार नव्हतो. त्यांना काढून टाकलं, मला ठेवलं.

तो शब्द मी ओळींतून काढला. आता डिस्क आली नाही तर मशीन अडून बसतं, डॉक्टर बोलतात, बायका बोलतात. बोलू देत.

महिन्याभरानं मी अक्कांच्या घरी गेलो. मांडीवर सूप घेऊन त्या विड्या वळत होत्या. आठवड्याभरात मुलाकडं भिवंडीला निघायच्या होत्या. मी म्हटलं, "मी ट्रस्टला खरं सांगतो."

"सांगून? मला परत घेणार न्हायत, तुलाबी काढतील. मग बायकांना नाव कोण विचारणार, ते कार्ड?" विडीचं तोंड दुमडून त्यांनी ती बाजूला ठेवली. "कामावरचं मी अंगावर घेतलं. ते संपलं. नागम्माचं संपलं न्हाय. ते अर्धं तुझं, अर्धं माझं. ऊठ."

नागम्माचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. तिची सून पद्मा दारातच पानं कापत बसली होती. मी उभ्यानंच सांगायला लागलो. डिस्क, ओळ, तो शब्द. तिला काही कळेना. मग अक्का माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सरळ सांग."

मी म्हटलं, "तुमच्या सासूबाईंचा गेल्या वर्षीचा फोटो माझ्या चुकीनं गेला."

पद्माची कात्री थांबली. "तो असता तर जगल्या असत्या?"

"माहीत नाही. पण तीन महिने आधी कळलं असतं."

"आणि माझं ऐक," अक्का म्हणाल्या. "तीन फोटोंतल्या एकाला मी तिचं नाव लावलं असतं, तरी डॉक्टरांनी पाठवलं असतं तिला. मी लावलं न्हाय."

पद्मानं कात्री खाली ठेवली. "हे आत्ता मला कशाला सांगितलं?"

"दुसरं कोण सांगणार न्हाय म्हणून."

तिनं कात्री पुन्हा हातात घेतली. "जावा आता तुमी."

आम्ही निघालो. गल्लीच्या तोंडाशी अक्का थांबल्या.

"घाबरला व्हतास?"

"हो."

"मीबी," म्हणाल्या, आणि घराकडं वळल्या.