डॉक्टरांनी मला कामावरून काढले तेव्हा

डॉक्टर दामोदरपंतांची साठी होत आहे, त्यानिमित्त स्नेही मंडळी एक लहानसे पुस्तक छापणार आहेत आणि त्यात त्यांच्या कंपाउंडराच्याही चार ओळी असाव्यात, असा निरोप आला, तेव्हा मला पहिल्याने घामच फुटला. मी मुळात भित्रा मनुष्य आहे. कल्याणातले लहान पोरही हे सांगेल. शिवाय डॉक्टरांविषयी मनापासून लिहायचे तर एक गोष्ट टाळता येत नाही, आणि ती गौरवाच्या पुस्तकात शोभेल की नाही, याची मला धास्ती होती. म्हणून मी आधी त्यांनाच विचारले. ते म्हणाले, "तीच लिहा. बाकीचं इतर लोक लिहितीलच."

तर आधी आमची ओळख कशी झाली ते सांगतो. ठाण्याच्या इस्पितळात औषधे खलण्याचे आणि तोलण्याचे काम शिकून मी नोकरी शोधीत होतो. ज्याचे नाव शमुवेल आहे त्याला नोकरी शोधणे म्हणजे काय ते विचारावे. माझ्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी पाळण्यात होतो, पण लोक मलाच विचारीत, "का हो बाटलात?" ठाण्यातल्या एका औषधवाल्याने माझे नाव ऐकून "बरं, बरं, कळवू" म्हटले, आणि मी पायरी उतरतो न उतरतो तोच ती पायरी धुवायला सांगितली. पाण्याचे शिंतोडे माझ्या टाचेवर उडाले. त्यानंतर कोणत्याही दुकानापुढे उभा राहिलो की माझी जीभ टाळूला चिकटत असे.

त्याच अवस्थेत मी दामोदरपंतांच्या ओसरीवर जाऊन उभा राहिलो. ते नुकतेच सरकारी नोकरी सोडून कल्याणात स्वतःचा दवाखाना थाटून बसले होते. मी काम शिकलो आहे एवढे कसेबसे बोललो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलेच नाही, हाताकडे पाहिले.

"हात कापतो का तुमचा?"

"कापतो, साहेब. पण तो भीतीनं. तराजू हातात आला की थांबतो."

"मग घ्या तराजू."

मी कोयनेल, हिवतापावरची कडू पूड, तोलले, पुड्या बांधल्या. त्यांनी त्यांतली एक उचलून पुन्हा तोलून पाहिली आणि म्हणाले, "उद्यापासून या. नाव काय म्हणालात?" मी नाव सांगितलेच नव्हते! आता सांगितले आणि पायरीकडे पाहात उभा राहिलो. ते म्हणाले, "शमुवेलराव, जरा लवकर या. दवाखाना झाडायलासुद्धा सध्या आपणच आहोत." माझ्या नावापुढे 'राव' लागलेले मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. वाटेत मला हसू आवरेना, आणि रडूही.

गावाने मात्र डोळे वटारले. डॉक्टर स्वतः स्नानसंध्या करणारे ब्राह्मण, म्हणून त्यांना कोणी तोंडावर बोलेना. पण माझ्या हातचे पाणी पडलेले औषध कोणी घेईना. कोरड्या पुडीला विटाळ नसतो, असे सर्वांनी आपापसांत ठरवून टाकले. कोयनेलाची पुडी मी द्यायची, त्यांनी ती घरी नेऊन आपल्या पाण्यात कालवायची. डॉक्टर म्हणत, "असू द्या. पोटात औषध जातंय ना? मग कुणाच्या घागरीतून जातंय हे मी कशाला विचारू?" अशी काही वर्षे बरी गेली. मला भाड्याने घर मिळेना, तेव्हा डॉक्टर घरमालकाकडे जाऊन बसले आणि "हा मनुष्य तुमचं घर माझ्याइतकंच जपेल" एवढेच बोलून, होकार मिळेपर्यंत उठले नाहीत. माझी पत्नी मार्था अजून त्याच घरात चूल पेटवते.

मग पटकीचे साल आले.

उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळी धडधाकट असलेला मनुष्य दिवेलागणीला नसे. रस्त्यात कोणी कोणाला हाक मारीना. डॉक्टरांचे मत पक्के होते की हा रोग तळ्याच्या पाण्यातून पोटात जातो. त्यांनी पुड्या बंद केल्या. पाणी उकळायचे, त्यात औषध करायचे, बाटली भरून बूच मारून द्यायची, आणि त्याखेरीज दुसरे पाणी रोग्याच्या तोंडाला लावायचे नाही, असा नियम केला. पाणी उकळीत होतो मी, औषध करीत होतो मी, बूच मारीत होतो मी. लोक बाटली घेत, नमस्कार करीत आणि निघून जात. मला वाटले, चला, मरणापुढे विटाळ हरला!

एके सकाळी तांबट आळीतून बोलावणे आले. डॉक्टर आत गेले, मी पिशवी घेऊन अंगणात थांबलो. घरातला कर्ता मुलगा गेला होता. आम्ही आदल्या दिवशी दिलेली बाटली समोरच्या कोनाड्यात होती, भरलेली, बूचसुद्धा तसेच. डॉक्टरांनी ती हातात घेतली आणि म्हातारीला विचारले, "आजी, हे का नाही पाजलंत?" तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. ती म्हणाली, "पोर गेला, डाक्टर, पण धर्मानं गेला." असे म्हणून तिने अंगणात माझ्याकडे पाहिले. ती नजर मी विसरू शकत नाही. तिने मला शिवी दिली असती तर परवडले असते.

त्या दिवशी आम्ही घरोघर विचारीत फिरलो. कोणी बाटली परसात ओतली होती, कोणी गटारात. रोग्याला औषधाऐवजी तळ्याचेच पाणी पाजले होते. परतताना डॉक्टर भराभर पुढे चालले होते. ते आता काय बोलणार हे मला कळून चुकले होते, आणि दवाखाना येऊच नये असे वाटत होते. माझ्या घरी दोन लेकरे होती आणि दुसऱ्या कोणत्याही दारात मला थारा नव्हता.

दवाखान्यात एक शेट बसले होते, डॉक्टरांचे हितचिंतक. त्यांना सर्व ठाऊक होते. ते म्हणाले, "पंत, एवढं काय डोकं धरता? पुढं एक भट बसवा, शोभेपुरता. हा तुमचा मागल्या दारानं येऊन औषध करील. लोकांना भट दिसला म्हणजे झालं!"

मंडळी, खरे सांगतो, मी मनातल्या मनात म्हणत होतो, हो म्हणा, साहेब, हो म्हणा.

डॉक्टर म्हणाले, "नाही. ज्याला जे प्यायचं नाही ते मी त्याला फसवून पाजणार नाही. आणि हे उद्या फुटलं, तर माझ्या हातचं औषधही कुणी घेणार नाही." मग ते माझ्याकडे वळले. "शमुवेलराव, मी तुम्हाला आजपासून कामावरून काढतो. तुमची चूक नाही. तुमच्या धर्मापायी काढतो, दुसऱ्या कशापायीही नाही, आणि गावाला तसंच सांगणार आहे. साथ गेली की बघू."

'परत या' म्हणाले नाहीत. 'बघू' म्हणाले. त्या एका शब्दाने मला पुढे झोप लागू दिली नाही.

गोविंदभट नावाचा एक गरीब, सरळ मनुष्य माझ्या जागी आला. त्याला तोलणे-मापणे काहीच येत नव्हते. म्हणून पहिल्या दिवशी मी अंगणात पारिजातकाखाली बसलो आणि तिथून ओरडून सांगत गेलो, आता पाणी उतरवा, आता कापराचा अर्क घाला, बाटली हलवा, अहो, जोरानं हलवा! तो आत तसतसे करीत होता, रोगी रांगेत उभे राहून ऐकत होते आणि बाटल्या घेऊन जात होते. माझ्या आवाजाला विटाळ नव्हता. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा घसा बसला होता. मार्थाने गरम पाणी दिले आणि म्हणाली, "स्वतःची जागा स्वतःच्याच तोंडानं दुसऱ्याला देऊन आलात! धन्य आहे तुमची!"

लोक औषध पिऊ लागले. माणसे वाचू लागली. हे लिहिताना माझा हात अडखळतो, पण खरे आहे ते खरे. मला काढल्याने माणसे वाचली. रात्री अंथरुणावर पडून मी देवाचे आभार मानी आणि लगेच मनात येई, की आता माझी गरजच कोणाला राहिली नाही.

डॉक्टर रोज दिवेलागणीला आमच्या ओट्यावर येऊन बसत. भर रस्त्यावर, सर्वांच्या देखत. आज कोण उठून बसला, कोणाला पेज पचली, हे मला सांगत. मार्था पाणी देई, ते पीत. नोकरीविषयी अवाक्षर नाही. ते गेले की मार्था कडाडे, "येतात, बसतात, जातात! अहो, मन खातं त्यांचं, म्हणून येतात. तुमच्या पोटाचं काय?" मी म्हणे, "हळू बोल." पण मलाही तेच वाटे.

अशात ठाण्याहून एक उपदेशक आले. तिथे एका मिशनचा दवाखाना होता. ते म्हणाले, "आमच्याकडे ख्रिस्ती मनुष्यच ठेवतात. तुम्ही आपलेच. तुमच्या चर्चच्या मंडळीची चिठ्ठी आणा आणि रुजू व्हा. मात्र येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत कळवा."

मी विचारले, "काम बघणार नाही माझं?"

"बघायचं काय त्यात? आपलं माणूस ते आपलं माणूस."

भला मनुष्य होता, त्याला मी दोष देत नाही. पण मला ठाण्यातली ती धुतलेली पायरी आठवली. इथे ख्रिस्ती म्हणून माझी नोकरी गेली होती, तिथे ख्रिस्ती म्हणूनच ती मिळणार होती. उद्या तिथे माझ्यासारखाच भित्रा एखादा गोविंदभट काम मागायला आला तर त्यालाही पायरीवरूनच परत जावे लागेल, आणि मी आत बसून ते पाहात असेन. तरी मी जाणार होतो. लेकरांना वरणभात लागतो, विचार लागत नाहीत.

साथ ओसरली. बाजाराचा दिवस उजाडला. मी कोट चढवून ठाण्याला निघणार, इतक्यात डॉक्टर दारात.

"कोट घातलात ते बरं केलंत. चला, उशीर होतोय."

"कुठं, साहेब?"

"कुठं म्हणजे? दवाखान्यात!"

मार्था दाराआडून म्हणाली, "आणि ते भटजी?" डॉक्टर म्हणाले, "वहिनी, त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ही जागा उसनी आहे. त्यांची ठाण्यात माझ्या मित्राकडे सोय लावली, म्हणून इतके दिवस गेले. ती लागेपर्यंत तुम्हाला कुठल्या तोंडानं काही बोलणार होतो?"

त्या दिवशी भर बाजारात, ओसरीवर उभे राहून त्यांनी सांगितले की आमचे कंपाउंडर परत आले आहेत. ज्याला त्यांच्या हातचे औषध नको त्याने खुशाल दुसरीकडे जावे, राग नाही. लोक गेले. दुसऱ्या दिवशी दवाखाना ओस. त्याच्या दुसऱ्या दिवशीही ओस. मी कोऱ्या बाटल्या पुन्हा पुन्हा पुशीत असे आणि डॉक्टर जुनी पुस्तके चाळीत. एकदा मी पाहिले, पान उलटताना त्यांचा हात कापत होता. ते मला म्हणाले, "बघता काय? तुम्हालाच तेवढी भीती वाटते होय?"

पहिली आली ती डोंबिवलीकडची एक आगरीण, मिठागरात राबणारी. कडेवर तापाने फणफणलेली पोर. बाहेरच्या एकाने तिला अडवून माझी जात सांगितली. ती उसळून म्हणाली, "मना काय कलत नाय त्यातला. माजी पोर जगव, मंग सांग तुजा धरम!" तिने माझ्या हातचे औषध तिथेच पोरीच्या तोंडात घातले. पोर जगली. मग हळूहळू, कुरकुरत, गाव आले. सगळे आले असे मी म्हणत नाही.

आता मुंबईत गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, साथ पडली आहे आणि गाड्या भरभरून माणसे कल्याणात उतरत आहेत. लोक पुन्हा माझ्या हाताकडे पाहू लागले आहेत. परवा मी होऊनच म्हणालो, "साहेब, वेळ आली तर मला काढा. मी अंगणात बसेन." डॉक्टरांनी हातातले पुस्तक मिटले. मग म्हणाले, "तेव्हा केलं ते बरोबर होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही, शमुवेलराव. माणसं वाचली. पण त्या म्हातारीला वाटलं असेल, डॉक्टरांनाही शेवटी आपलंच पटलं. या खेपेस मी तुम्हाला काढणार नाही."

"आणि लोक मेले तर?"

"तर काय करू, मला माहीत नाही. मलाही भीती वाटते. दोघं मिळून भिऊ."

अशा या डॉक्टर दामोदरपंतांना देव उदंड आयुष्य आणि धडधाकट प्रकृती देवो, असे सर्वजण या पुस्तकात लिहितीलच, आणि मीही लिहितो. मात्र माझ्या प्रार्थनेत माझा स्वार्थ आहे, तो लपवीत नाही. ते नसतील त्या दिवशी मला पुन्हा कोणाच्या तरी पायरीवर जाऊन उभे राहावे लागेल. तिथे मला कोणीतरी पहिला प्रश्न विचारील, आणि तो माझ्या हाताविषयी नसेल.