रूपाची बरणीभर धूळ

आमच्या घरातल्या किश्शांचं खिडकीतल्या काळ्या धुळीसारखं आहे. सकाळी पुसून काढा, दुपारी पुन्हा तेवढेच जमा. शेजारची कविता रोज विचारते, "आज काय केलं तुझ्या सायंटिस्टनं?" ती हसायसाठी विचारते. मी रागानं सांगते. तरी ती हसतेच.

सायंटिस्ट म्हणजे माझी नणंद रूपा. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय पर्यावरण. शाळेपासून हिंदीत शिकली, म्हणून घरातही हिंदीच बोलते. मी सातवीपर्यंत शिकलेली. इकडे हिंदी मुलखात, तात्यापारा मोहल्ल्यात आमच्या दोन खोल्या, वर गच्ची. त्यात सासूबाई, आमचे हे, रूपा, मी आणि माझी अडीच वर्षांची चिमी. चिमीला खोकला आहे. औषधाची बाटली संपते, खोकला संपत नाही. माझा सगळा राग तिथून सुरू होतो, म्हणून ते आधीच सांगून टाकलं.

* * *

रूपाकडे वेळ नसतो. किती नसतो, हे सगळ्यांना कळावं म्हणून तिनं फ्रिजवर टाइमटेबल चिकटवलं. पिवळा रंग कॉलेजचा, लाल प्रोजेक्टचा, हिरवा हॉबीचा. हिरवा सगळ्यात जास्त! पक्षी बघणं, भरतकाम, बॅडमिंटन, गच्चीवरचे कॅक्टस. बाथरूममध्ये कोण कधी जाणार तेही त्यात होतं. मला मिळाली अकरा मिनिटं, तीही चिमीच्या आंघोळीसकट.

मी म्हटलं, चिमीला डॉक्टरकडे न्यायचं आहे, एक दिवस तुझ्या स्कुटीवर सोड. तिनं खरंच पेन्सिल घेऊन टाइमटेबल वरपासून खालपर्यंत तपासलं. आणि म्हणाली, "भाभी, जगह नहीं है."

मी चिमीला कडेवर घेऊन चालत गेले. त्या संध्याकाळी हिरव्या रंगात बॅडमिंटन होतं.

* * *

त्या डॉक्टरकडचाही किस्साच आहे. डॉक्टरनं विचारलं, खोकला कोणत्या दिवशी जास्त असतो, कोणत्या दिवशी कमी? मला सांगता आलं नाही. रोजच असतो म्हटलं. तर सगळ्या बायांसमोर म्हणाला, "माँ हो, इतना भी नहीं मालूम?"

घरी आले ती सरळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले. त्या दिवसापासून रोज सकाळी पांढरं ओलं फडकं एकदा खिडकीच्या चौकटीवरून फिरवते आणि एकदा चिमीच्या खाटेमागच्या भिंतीवरून. फडकं जेवढं काळं, तेवढे ठिपके. चौकोनात वर खिडकीचे, खाली भिंतीचे. मधे चिमीच्या खोकल्याचा ख. खूप खोकली तर दोन ख.

महिन्याभरानं आमच्या ह्यांनी कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाले, "याले काहून देवी निघाल्या?"

* * *

हे शहराबाहेर सिलतऱ्याला एका लोखंडाच्या प्लांटमध्ये भट्टीवर आहेत. संध्याकाळी बसमधून उतरतात तेव्हा डोळे आणि दात तेवढे ओळखू येतात. आले की हातपाय धुतात आणि कामाचा ड्रेस काढून खुंटीला टांगतात. ती खुंटी बरोबर चिमीच्या खाटेवर. ड्रेस दोनच, धुणं सुट्टीच्या दिवशी.

मी किती वेळा म्हटलं, तो ड्रेस बाहेर आंगणात टांगा. सासूबाईंना ते चालत नाही. कमावत्या माणसाचे कपडे उंबऱ्याच्या आत राहिले पाहिजेत, असं त्यांच्या घरात पहिल्यापासून आहे. सासरे रेल्वेत होते, त्यांचा कोट याच खुंटीवर होता. मी म्हटलं, आई, त्या कोटाला काळं नव्हतं. तर म्हणाल्या, "तो कोट होता म्हणून तू आज या घरात जेवून राहिली."

आणि धुळीचं काय? तर म्हणतात, इथं राजधानी बनून राहिली ना, रस्ते खोदून ठेवलेत, धूळ उडणारच. खोकल्याचं काय? तर मी पोरीला थंड पाणी देते. म्हणजे ड्रेस सोडून सगळ्यांची चूक. ह्यांनी तर एकच वाक्य पाठ केलं आहे, "मी रोज तिथंच राहतो, मले काय झालं?"

* * *

रूपाचं भरतकाम मात्र मानलं पाहिजे. सदर बाजारातून रेशीम आणून तिनं चिमीच्या निळ्या फ्रॉकवर गुलाबी बारीक काड्या काढल्या. कुठं दोन, कुठं तीन जुडीनं. इतकं नाजूक काम की मीही खूश झाले. वाटलं, चला, भाचीसाठी वेळ तर काढला.

गल्लीतल्या एका बारशाला गेलो, तिथं चिमीला तोच फ्रॉक घातला. बाया बघून राहिल्या होत्या. कवितानं रूपाला विचारलं, कोणत्या फुलाच्या कळ्या आहेत गं या?

रूपा म्हणाली, "कली नहीं दीदी, टीबी के जीवाणु हैं. माइक्रोस्कोप में बिल्कुल ऐसे ही दिखते हैं."

खोकणाऱ्या पोरीच्या छातीवर! मी चिमीला तिथंच बाजूच्या खोलीत नेऊन फ्रॉक काढला. घरी दोन दुपारी सुईनं एकेक टाका उसवत बसले. रूपाला वाईट वाटलं, नाही असं नाही. उसवलेला धागा हातात घेऊन म्हणाली, "इतना बारीक स्टिच था, भाभी."

* * *

रविवारी पहाटे ती पक्षी बघायला तलावावर जाते. त्यांचा एक ग्रुप आहे, सगळे गळ्यात दुर्बीण लटकवून फिरतात. पक्ष्यांचे आवाज मोबाइलमध्ये भरायचे आणि मग सगळ्यांनी बसून ओळखायचे, हा त्यांचा खेळ.

एकदा रूपानं आपल्या गच्चीवरून पहाटेचा आवाज भरला. ग्रुपमध्ये वाजवला. बुलबुल सगळ्यांनी ओळखला, कोतवाल ओळखला. मधेच एक कोरडा, तुटक आवाज आला, तिथं सगळे थांबले. पुन्हा पुन्हा वाजवला. तिघं म्हणाले उल्लू आहे. त्यांच्यातल्या एका सरांनी तर त्या उल्लूची जातही सांगितली.

तो चिमीचा खोकला होता. खालच्या खोलीतून आलेला.

रूपा हे सांगताना आधी हसत होती. सासूबाई हसल्या, हेही हसले. मी पोळ्या लाटत होते. लाटणं ठेवलं आणि म्हटलं, "तुझ्या त्या जात सांगणाऱ्या सरांना विचारून ये, या पाखराला औषध कोणतं द्यायचं."

मग कोणी हसलं नाही.

* * *

आता माझी चूक सांगते. माझीच होती, पण आधी ऐकून घ्या.

रूपाचा प्रोजेक्ट धुळीवरच होता. मी जी धूळ दिवसभर फेकत होते, ती जमा करायसाठी हिनं गच्चीवर रुंद तोंडाची बरणी ठेवली होती, तळाशी थोडं पाणी घालून. महिनाभर उघडी ठेवायची, मग पाणी सुकवून खाली उरलेली धूळ तोलायची. असे तिचे काही महिने झाले होते. शेवटचा बाकी होता. हे तिनं मला सांगितलं नव्हतं. टाइमटेबलच्या एका कोपऱ्यात पेन्सिलनं बारीक लिहिलेलं होतं, "भाभी को जार का बताना."

महिना भरायला दोन दिवस उरले असताना मी पापड वाळवायला वर गेले. पाहिलं, तर बरणीत काळं पाणी. मला त्या काळ्याचा इतका राग की विचारू नका. ओतलं, साबण लावला, नारळाच्या काथ्यानं घासली आणि उन्हात पालथी घातली. चकचकीत!

रूपा वर गेली आणि पायरीवरच बसून रडायला लागली. सासूबाईंना नवं काही शोधावं लागलं नाही. सातवी शिकलेल्या बाईच्या हाती बरणी लागली तर आणखी काय होणार, म्हणाल्या. त्या दिवशी मीही तोंड सोडलं. म्हटलं, धूळच पाहिजे ना? हे घे फडकं, ही घे बादली, पाहिजे तेवढी घेऊन जा. या घरात धुळीसाठी रडतात, पोरीसाठी कोणी रडत नाही.

बोलून गेले आणि मीच रडले.

रूपा फडकं घ्यायला आत आली. फडकं कॅलेंडरखालच्या खिळ्याला असतं. तिनं फडकं घेतलं नाही. कॅलेंडर खाली उतरवलं, मागची पानं उलटली. वरचे ठिपके, खालचे ठिपके, ख. पाऊण तास जमिनीवर बसून होती. बॅडमिंटन बुडालं.

मग विचारलं, "भाभी, ये कब से लिख रही हो?"

मी म्हटलं, "तुझ्या टाइमटेबलात जागा नव्हती तेव्हापासून."

* * *

तिनं ती सगळी पानं प्रोजेक्टमध्ये लावली. मला एवढंच सांगितलं की तिच्या मॅडम हो म्हणाल्या. मी विचारलंही नाही. राग होताच.

परीक्षा घ्यायला बाहेरून कोणी मोठे सर आले होते. त्या दिवशी मी कणीक मळत होते, सासूबाई भाजी निवडत होत्या. रूपाचा फोन आला. माझे हात भरलेले, म्हणून सासूबाईंनीच स्पीकरवर लावला. रूपा घाबऱ्या आवाजात म्हणाली, भाभी, सर बात करेंगे, आणि फोन त्यांच्या हातात गेला.

ते म्हणाले, तुमची पानं बघून राहिलो आहे. यात एका जागी सलग आठ दिवस खिडकीचे ठिपके आहेत, नेहमीएवढेच. पण भिंतीचे ठिपके नाहीत आणि खोकलाही नाही. तुम्ही लिहायचं विसरला होता काय?

मला आधी चीडच आली. मी म्हटलं, "भूले नहीं सर. लिखने को कुछ था ही नहीं."

"क्यों? उन आठ दिनों में घर में क्या अलग था?"

मी कॅलेंडरच्या जागेकडे पाहिलं. तिथं नुसता खिळा होता. पण ते आठ दिवस मला पाठ होते.

"उनके प्लांट में शटडाउन था. छुट्टी थी. ड्रेस धुलके पेटी में रखी थी."

"और बाकी दिन ड्रेस कहाँ रहती है?"

"बच्ची की खाट के ऊपर."

मग सर थँक्यू म्हणाले आणि फोन बंद झाला. सासूबाई भाजी निवडत राहिल्या. मीही पुन्हा कणकेत हात घातला. वर्षभर मी बोंबलत होते तेव्हा ते बाईचं तोंड होतं, आज एका परक्या माणसानं चार प्रश्न विचारले, तर तेच शास्त्र झालं. रूपा पास होऊन पेढे घेऊन आली तेव्हा मी पेढाही घेतला नाही.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी प्लांटच्या बसचा हॉर्न वाजला. मी चहा ठेवायला उठले, तर सासूबाई जागेवर नव्हत्या. दाराकडे पाहिलं. उंबऱ्याच्या आत, दोन्ही पाय रोवून उभ्या होत्या. एका हातात लुंगी, एका हातात टॉवेल.

हे आंगणात आले, पायातले बूट काढायला वाकले.

"तिथंच थांब," सासूबाई म्हणाल्या. "आधी ते कपडे उतरव."