डिटर आणि अर्धी बातमी

डिटर गेले, आणि मेसेज वाचून मला आधी हायसं वाटलं.

वाईट नंतर वाटलं.

स्ट्रोकनंतर आठ महिने त्यांना बोलता येत नव्हतं. इतका बोलका माणूस, नुसता बघत पडून असायचा. काल दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत, असं त्यांच्या बायकोनं, उर्सुलानं कळवलं.

सुटले.

तुमच्यापैकी बरेच जण त्यांना ओळखत नाहीत, म्हणून सांगते.

पुण्याहून सिंगापूरला आले तेव्हाचे हे माझे पहिले बॉस. जर्मन. आंग मो किओमध्ये त्यांचा व्हॉल्व्ह बनवायचा छोटा कारखाना होता. मी क्वालिटीला होते, माझी सही झाल्याशिवाय माल बाहेर जायचा नाही.

एकदा एक अख्खा लॉट प्रेशर टेस्टमध्ये लीक व्हायला लागला. कस्टमर घायकुतीला आलेला. डिटर म्हणाले, "सही कर, माल जाऊ दे."

मी म्हटलं, "नाही करणार."

"मग घरी जा."

सगळ्यांसमोर.

क्लेमेंटी भागातल्या आमच्या फ्लॅटवर आले आणि बसून राहिले. नवरा तेव्हा नोकरी शोधत होता, मुलगी शाळेत. माझ्या एम्प्लॉयमेंट पासवरच, म्हणजे नोकरीच्या परवान्यावरच, आम्ही तिघं इथे होतो.

सकाळी डिटरांचा फोन आला. "ये. खोकी फोडतोय."

गेले तर खरंच, पॅक झालेला माल ते स्वतः जमिनीवर बसून उघडत होते. पुढचे चार दिवस आम्ही एकेक व्हॉल्व्ह परत तपासला.

काही वर्षांनी कारखाना विकून ते जर्मनीला परतले आणि राजकारणात पडले. आपल्याकडे आमदारकीला उभे राहतात ना, तसे तिथल्या राज्याच्या निवडणुकीला उभे राहिले.

मतदानाला आठवडा होता. तिथल्या एका रिपोर्टरचा मला फोन.

"खराब मालावर सही करायला त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं, हे खरं का?"

मी सगळं खरं सांगितलं. सही मागितली तेही, खोकी फोडली तेही.

छापून आलं फक्त पहिलं.

डिटर जेमतेम निवडून आले. नेटवर वाचलं. पण त्यांना फोन करायला मी धजेना. मुलगी इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणायची, "आई, जस्ट कॉल हिम लाह." दीड वर्ष नाही केला.

मग ते एका डेलिगेशनबरोबर इथे आले आणि त्यांनीच फोन केला. दुपारी क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या स्टॉल्सच्या तिथे भेटलो. सूट घालून मजेत नूडल्स खात होते. मी माझ्या नूडल्स नुसत्याच चिवडत होते.

"डिटर, ती बातमी..."

"खोटं होतं का त्यात काही?"

"नाही. पण अर्धंच होतं."

"उरलेलं मी प्रचारसभेत सांगितलं. म्हटलं, हो, मी सही मागितली होती. ती बाई नाही म्हणाली, आणि तिचंच बरोबर होतं."

मी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"तू माझ्यासाठी खोटं बोलली असतीस," ते म्हणाले, "तर पाच वर्षं मलाही तेच खोटं बोलत बसावं लागलं असतं. आता जेव."

जेवले. दीड वर्षाचं ओझं उतरलं होतं, भूकही सपाटून लागली होती.

ती दुपार मिळाली नसती, तर आज मला त्यांच्यासाठी असं मोकळं रडता आलं नसतं.

डिटर, मनापासून निरोप. आराम करा आता.